क्रिएटिनिन १.९ आले, आणि अण्णा तज्ज्ञांकडे यायला तयार नाहीत

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, वयाच्या ५८ व्या वर्षी एसटीच्या चालकपदावरून नुकतेच निवृत्त झाले. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आणि काही वर्षांपासून रक्तदाब आहे. रक्तदाबाची गोळी ते डोके जड वाटेल त्या दिवशीच घेतात, पाठदुखीची गोळी मात्र कित्येक वर्षे मेडिकलमधून आणून जवळजवळ रोज घेतात. गेल्या महिन्यात त्यांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा, १.९ आले, दोन वर्षांपूर्वी ते १.४ होते. लघवीच्या तपासणीत प्रथिने ‘दोन प्लस’ दिसली. फिजिशियन डॉक्टरांनी मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टना, दाखवायला सांगितले आहे. अण्णांचा ठाम नकार आहे, कारण त्यांचे थोरले भाऊ डायलिसिसवर गेले आणि चार महिन्यांत वारले. ‘किडनीच्या डॉक्टरकडे गेलं की डायलिसिसला लावतात, आणि एकदा लागलं की सुटत नाही,’ असे ते म्हणतात. एका नातेवाइकाने क्रिएटिनिन उतरवणाऱ्या पुड्या सुचवल्या आहेत. आईने अण्णांची डाळ बंद करून रोज चार लिटर पाणी सुरू केले आहे. भाऊ म्हणतो की थेट पुण्याला नेऊ आणि किडनी बदलू, मी देतो. अण्णांना नेमका आकडा अजून कोणी सांगितलेला नाही. भगिनी विचारतात : सहा महिने पुड्या देऊन पाहावे आणि मगच तज्ज्ञांकडे जावे का? आणि अण्णांना खरे सांगावे का?

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून, आणि दुसऱ्यांदा, ज्या घरात एक मृत्यू अजून ताजा आहे अशा घरातले माणूस म्हणून. तुम्हाला थेट उत्तर आधी देणे माझे कर्तव्य आहे : पुड्या देऊ नका, सहा महिने थांबू नका, आणि अण्णांना खरे सांगा. हे तीन आदेश वाटू नयेत म्हणून त्यांची कारणे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ती पटली तरच तुम्ही ती घरात इतरांना पटवू शकाल.

सुरुवात तुमच्या थोरल्या चुलत्यांपासून करू. त्यांच्याविषयी तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण त्या फार महत्त्वाच्या आहेत. एका रात्री त्यांना धाप लागली, दवाखान्यात नेले, गळ्यात नळी घालून तातडीने डायलिसिस केले, आणि त्या रात्रीपर्यंत ते किडनीच्या कोणत्याही डॉक्टरांना भेटलेले नव्हते, असे तुम्हीच लिहिले आहे. आता घरात या घटनेची जी मांडणी झाली आहे ती पाहा : ते तज्ज्ञांकडे गेले, म्हणून डायलिसिस लागले, म्हणून ते गेले. माझ्या मते घटनांचा क्रम उलटा होता. ते तज्ज्ञांकडे गेलेच नव्हते. ज्या काळात काही करता आले असते तो सगळा काळ निघून गेला, आणि अखेरच्या टप्प्यावर जे उपलब्ध होते तेवढेच करता आले. तज्ज्ञ आणि डायलिसिस एकाच रात्री घरात आले, म्हणून ते दोन्ही एकच आहेत असे तुमच्या घराला वाटू लागले. अण्णांची भीती खोटी नाही. त्यांनी सख्ख्या भावाच्या गळ्यातली नळी पाहिली आहे. फक्त त्या भीतीने दाखवलेली दिशा चुकीची आहे.

नेफ्रॉलॉजिस्टच्या कामाचा फार मोठा भाग डायलिसिसच्या आधीच्या वर्षांतला असतो. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या कित्येकांना डायलिसिस कधीच लागणार नसते, आणि ज्यांना पुढेमागे लागेल त्यांचा तो दिवस पाच, दहा किंवा पंधरा वर्षे पुढे ढकलणे हेच त्यांचे मुख्य काम असते. शिवाय केवळ क्रिएटिनिनचा आकडा पाहून लवकर डायलिसिस सुरू करण्यात फायदा नाही, हे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील एका मोठ्या चाचणीने २०१० मध्ये दाखवून दिले आहे. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता (तरुण निरोगी माणसात ती सुमारे १०० असते) १० ते १४ असतानाच सुरुवात केलेले रुग्ण, ती ५ ते ७ वर येईपर्यंत थांबवलेल्या रुग्णांपेक्षा जास्त जगले नाहीत. अण्णांची क्षमता यापेक्षा कितीतरी वर आहे. ‘एकदा लागलं की सुटत नाही’ हेही सर्वांना लागू पडत नाही. पावसाळ्यात लेप्टोचा ताप आलेला, घोणस चावलेला, किंवा जुलाबांनी शरीरातले पाणी संपलेला माणूस काही दिवस डायलिसिसवर राहून पूर्ण बरा होऊन घरी गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. ज्यांची मूत्रपिंडे वर्षानुवर्षे झिजत संपली आहेत, त्यांचे डायलिसिस सुटत नाही. पण तिथे सुटत नाही तो आजार, आणि यंत्र फक्त त्या आजारात माणसाला जगवत असते.

आता त्या १.९ कडे येऊ. क्रिएटिनिन म्हणजे रोग नव्हे, विषही नव्हे. आपले स्नायू रोजच्या कामात जो एक टाकाऊ पदार्थ तयार करतात तो मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात, आणि गाळण्याचे काम मंदावले की तो रक्तात साचतो. म्हणजे तो आकडा गाळणीविषयी काहीतरी सांगणारा निरोप्या आहे. पण हा निरोप्या थोडा फसवा आहे. स्नायूंनी भरलेल्या तरुण पैलवानाचे १.४ आणि सत्तरीच्या कृश आजींचे १.४ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून डॉक्टर वय आणि लिंग धरून एक सूत्र वापरतात आणि गाळण्याची क्षमता काढतात. तुमच्या रिपोर्टवर कदाचित तो ‘ईजीएफआर’ म्हणून छापलेला असेल. तरुण निरोगी माणसात ती मिनिटाला सुमारे १०० मिलिलिटर असते, म्हणून समजायला सोपे जावे यासाठी आपण तिला ढोबळमानाने टक्के म्हणू. सध्या प्रचलित असलेल्या २०२१ च्या सूत्राने मी हिशेब केला : दोन वर्षांपूर्वीच्या १.४ ला अण्णांची क्षमता सुमारे ५९ होती, आणि आज ती सुमारे ४० आहे.

या दोन आकड्यांकडे शांतपणे पाहा. ४० म्हणजे ‘किडनी गेली’ असे अजिबात नाही; ४० वर माणूस शेतात काम करतो, प्रवास करतो, नातवंडांना खेळवतो. पण दोन वर्षांत जवळजवळ वीस उतरणे ही गती चांगली नाही. वर्षाला पाचपेक्षा जास्त उतार असला की आम्ही त्याला वेगवान म्हणतो. क्रिएटिनिनचे गणित सरळ रेषेत चालत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आकडा १ वरून २ वर जातो तेव्हा जवळपास निम्मी क्षमता गेलेली असते, आणि ६ चे ७ होतात तेव्हा जायला फारसे उरलेलेच नसते. घरोघरी मात्र १.९ ला ‘थोडंसं वाढलंय’ म्हणतात आणि ७ ला धावपळ करतात. धावपळीचा खरा उपयोग १.९ ला असतो. तुम्ही नेमक्या त्याच वेळी पत्र लिहिले आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

‘पण अण्णांना काहीच त्रास नाही, लघवी भरपूर होते.’ हे तुम्ही पत्रात तीन ठिकाणी लिहिले आहे. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले दीड-दोन लिटर वगळता बाकीचे शरीर पुन्हा परत घेते. इतकी मोठी शिल्लक असल्यामुळे निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या जास्त काम करून वेळ निभावून नेतात, आणि म्हणूनच एक किडनी दान केलेली माणसेही सुखाने जगतात. लघवीचे प्रमाण तर बऱ्याचदा अगदी शेवटपर्यंत टिकते. ती किती होते यापेक्षा तिच्यातून काय जाते ते महत्त्वाचे. अण्णांच्या लघवीतून प्रथिने जात आहेत, म्हणजे गाळणीची जाळी सैल झाली आहे. भांड्यात बराच वेळ टिकणारा फेस दिसतो तो याचाच. लंडनच्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी १८२७ मध्ये अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी घट्ट झाली. मूत्रपिंडाच्या आजाराची ओळख तिथून सुरू झाली. आज तीच गोष्ट लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराने मोजतात, ज्याला लॅबमध्ये ‘एसीआर’ म्हणतात. हे गुणोत्तर ३० च्या आत असावे लागते. मला विचाराल तर मधुमेही घरांत वर्षातून एकदा साखरेच्या बरोबरीने ही तपासणी झाली पाहिजे. ती होत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

तज्ज्ञ नेमके काय करतील, हे आधी माहीत असले तर अण्णांचा धाक थोडा कमी होईल. बहुतेक वेळा पहिल्या भेटीत यंत्र नसते, सुई नसते. डॉक्टर जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर मांडतात आणि क्षमता कधीपासून व किती वेगाने उतरली ते पाहतात. मग औषधांची पिशवी उलटी करायला सांगतात. नडगीच्या हाडावर अंगठा चार-पाच सेकंद दाबून धरतात आणि उचलल्यावर खळगा राहतो का ते बघतात, कारण अंगात साचलेले पाणी तिथे आधी कळते. रक्तदाब बसून आणि उभे राहून घेतात. आणि विचारतात : रात्री किती वेळा उठावे लागते, धार बारीक झाली आहे का, सुरू व्हायला वेळ लागतो का? तासन्‌तास लघवी रोखून गाडी चालवलेल्या, साठीकडे आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण प्रोस्टेट वाढून लघवी अडत असेल तर तिचा दाब मागे मूत्रपिंडांवर पडतो. एका सोनोग्राफीत ते कळते आणि त्यावर उपाय असतो. ते काम मूत्रमार्गाच्या शल्यविशारदांचे, म्हणजे युरॉलॉजिस्टचे. पुष्कळ लोक दोघांत गल्लत करतात आणि भलत्या दाराशी जाऊन महिना घालवतात.

त्याच सोनोग्राफीत मूत्रपिंडांची लांबी मोजतात. ती साधारण ९ ते १२ सेंटिमीटर असते. आकसलेली दिसली तर झीज जुनी आहे असे समजते. रक्तात हिमोग्लोबिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फरस पाहतात. आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करायला सांगतात, ज्याचे घरच्यांना नेहमी आश्चर्य वाटते. मधुमेहाने मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात तेव्हा बहुधा डोळ्यांतल्याही बिघडलेल्या असतात. डोळे अगदी स्वच्छ असतील आणि लघवीतून प्रथिने मात्र खूप जात असतील, किंवा लघवीत लाल पेशी असतील, तर डॉक्टरांच्या मनात शंका येते की हे केवळ मधुमेहाचे काम नाही.

अशी शंका आली तर बायॉप्सीचा विषय निघतो. ‘किडनीचा तुकडा काढतात’ हे शब्द ऐकून माणसे उठून जातात, म्हणून ते नीट सांगतो. रुग्णाला पालथे झोपवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत एक बारीक सुई आत नेतात आणि पेन्सिलीच्या शिसाएवढा जाड, एक-दीड सेंटिमीटर लांबीचा धागा बाहेर काढतात. त्यानंतर साधारण एक दिवस झोपून राहावे लागते, कारण काहींना लघवीतून थोडे रक्त जाते आणि क्वचित जास्तही जाऊ शकते. त्या धाग्यात गाळण्यांची जी अवस्था दिसते ती कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन आजारांपैकी एकाला स्टेरॉइड लागतात आणि दुसऱ्याला ती घातक ठरतात, हे तिथे ठरते. अण्णांना बायॉप्सी लागेलच असे नाही. मधुमेहाचे चित्र स्पष्ट असेल तर ती करत नाहीत.

आता उपचार. याविषयी मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण इथे गेल्या काही वर्षांत खरोखर बदल झाला आहे. रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवणे हा पाया आहे, आणि त्यासाठी गोळी रोज घ्यावी लागते; डोके जड वाटेल त्या दिवशी घेऊन चालत नाही, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. ‘गोळ्यांच्या उष्णतेने किडनी जाते’ असे अण्णांना वाटत असेल तर त्यांना सांगा की किडनी जाते ती न घेतलेल्या गोळ्यांमुळे. लोसार्टन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल या वर्गातली औषधे रक्तदाब तर उतरवतातच, शिवाय गाळणीवरचा आतला दाब कमी करतात आणि लघवीतून जाणारी प्रथिने घटवतात. मधुमेहाच्या मूत्रपिंडविकारात लोसार्टनचा उपयोग २००१ मध्ये सिद्ध झाला, आणि त्यानंतर जवळजवळ दोन दशके आमच्याकडे नवे काहीच नव्हते. मग २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन आणि २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन या औषधांच्या मोठ्या चाचण्या आल्या. मुळात साखरेसाठी बनवलेल्या या गोळ्यांनी मूत्रपिंडांची झीज ठळकपणे मंदावली, आणि डापाग्लिफ्लोझिनच्या बाबतीत तर ज्यांना मधुमेह नव्हता त्यांचीही. डापाग्लिफ्लोझिनची गोळी आज भारतात अनेक कंपन्यांची आणि परवडेल अशा किमतीत मिळते. फिनरेनोन हे आणखी एक औषध मधुमेही रुग्णांसाठी आले आहे. यातले कोणते, किती आणि कधी, हे पोटॅशियम पाहून तज्ज्ञच ठरवतील. मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करू नका.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे घरात गोंधळ होईल. ही औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. गाळणीवरचा दाब उतरल्यामुळे ते होते, आणि तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. नेमक्या याच टप्प्यावर ‘डॉक्टरांच्या औषधाने आणखी वाढलं’ असे म्हणून कितीतरी लोक गोळी बंद करतात. ठरलेल्या दिवशी रक्त तपासा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा. उलट्या-जुलाब लागले, अन्नपाणी पोटात ठरेना, तर मात्र त्याच दिवशी फोन करून कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या ते विचारा. आणि अण्णांची साखर काही न करता आपोआप उतरू लागली तर आनंद मानू नका. मूत्रपिंडे मंदावली की इन्सुलिन आणि साखरेच्या काही गोळ्या अंगात जास्त वेळ राहतात, आणि माणूस पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो. त्या वेळी मात्रा कमी करून घ्यावी लागते.

पाठदुखीची गोळी. ताई, तुमच्या पत्रात ही गोष्ट एका ओळीत येऊन गेली आहे, पण मला ती सगळ्यात जास्त खुपली. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा कमी करतात, आणि वर्षानुवर्षे रोज घेतल्यास कायमचे नुकसान करू शकतात. गेल्या दोन वर्षांतल्या घसरणीचा काही वाटा या गोळीचा असेल तर तेवढा भाग कदाचित सावरेलही. ती आजच थांबवा. पण तीस वर्षे स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाची पाठ खरोखर दुखते, हेही मान्य करा. नुसती गोळी काढून घेतली तर ते लपून आणतील. बदल्यात काय घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा. योग्य मात्रेत पॅरासिटामॉल, शेक, फिजिओथेरपी यांतून बराच मार्ग निघतो.

आता त्या पुड्या. मी आयुर्वेदाला नावे ठेवणार नाही. शिकलेले वैद्य असे लेबल नसलेले काही देत नाहीत. मी एवढेच विचारतो : पुडीवर घटकद्रव्ये लिहिली आहेत का? बनवणाऱ्याचे नाव, परवाना, तारीख आहे का? नसेल तर त्या पुडीत काय आहे हे तुम्हाला, मला, आणि बहुधा देणाऱ्यालाही ठाऊक नाही. पारा असलेल्या पारंपरिक औषधांमुळे मूत्रपिंडाच्या गाळण्यांचा एक विशिष्ट आजार होतो, हे वेल्लोरच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवले, आणि पाठोपाठ केरळमध्ये पारायुक्त गोरेपणाच्या क्रीमने तोच आजार झालेले रुग्ण सापडले. म्हणजे निरोगी मूत्रपिंडेही त्याने बिघडली. अण्णांची तर आधीच चाळिशीवर आहेत. ‘पण अमक्याचं क्रिएटिनिन उतरलं’ असे तुम्हाला सांगतील. उतरले असेलही. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, हे आठवा. पुड्यांसोबत महिनोन्‌महिने डाळ, अंडी, मांस बंद केले आणि माणूस वाळला, की आकडा उतरतो आणि मूत्रपिंड आहे तिथेच राहते. शिवाय सहा महिने वाट पाहण्याची किंमत अण्णांच्या आजच्या गतीने मोजली तर ती चार-पाच टक्क्यांची आहे, आणि ते टक्के परत मिळत नाहीत.

आईंनाही हेच सांगा, पण हळुवारपणे, कारण त्या त्यांच्या परीने नवऱ्याला वाचवू पाहत आहेत. डाळ पूर्ण बंद करायची नाही. या टप्प्यावर वजनाच्या दर किलोला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने चालतात, म्हणजे पासष्ट किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. यात दोन्ही वेळची वाटीभर आमटी सहज बसते. कमी करायचे ते मीठ : दिवसभरात सगळे मिळून एक सपाट चहाचा चमचा, पाच ग्रॅमच्या आत. लोणचे, पापड, फरसाण, वरून घेतलेले मीठ यांतून ते कधी दुप्पट होते ते कळत नाही. सैंधव हेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम घातलेले असते आणि ते अशा रुग्णाला धोक्याचे ठरू शकते. शहाळे आणि फळे यांविषयीचा निर्णय पोटॅशियमचा रिपोर्ट आल्यावर घ्यावा, आधीच सगळे तोडू नये. कमरख म्हणजे स्टारफ्रूट मात्र टाळावेच. पाण्याचे म्हणाल तर चार लिटरने किडनी ‘धुतली’ जात नाही. मुतखड्याच्या रुग्णाला जास्त पाणी सांगतात, तिथून ही समजूत सर्वांना चिकटली. अण्णांनी तहानेप्रमाणे प्यावे. पायांवर सूज असेल तर जास्तीचे पाणी त्रासच देईल.

तुमच्या भावाच्या मनाचा मोठेपणा मला भावला, पण ४० क्षमतेला कोणी किडनी बदलत नाही. ती चर्चा साधारण २० च्या खाली सुरू होते. तेव्हाही त्याची स्वतःची साखर, रक्तदाब, लघवी हे सगळे तपासूनच ठरेल, कारण मधुमेही वडिलांचा मुलगा म्हणून त्यालाही धोका आहे. १९९४ च्या कायद्याने जवळचे नातेवाईक दाते होऊ शकतात. कोणी जुळले नाही तर मेंदूमृत दात्यांच्या प्रतीक्षायादीत विभागीय समन्वय केंद्रामार्फत नाव नोंदवता येते, आणि पुण्यात असे केंद्र आहे. भावाला आज करता येण्यासारखे काम वेगळेच आहे : त्याने आणि तुम्हीही स्वतःची लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. पुढे कधी क्षमता तिशीच्या खाली गेलीच, तर अण्णांच्या डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरांत सुई टोचू देऊ नका. ते उजव्या हाताने लिहीत असतील तर डायलिसिसचा फिस्चुला, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेने शीर आणि धमनी यांचा केलेला जोड, बहुधा डाव्याच हातात होईल. तो तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तो वेळेवर झाला असता तर चुलत्यांच्या गळ्यात नळी घालावी लागली नसती. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना रेशनकार्ड दाखवून विचारा.

राहिला तो प्रश्न, अण्णांना सांगायचे की नाही. तुम्ही लपवता आहात ते प्रेमापोटी, यात मला शंका नाही. पण रोजची गोळी त्यांना गिळायची आहे, मीठ त्यांना सोडायचे आहे, पाठ त्यांची दुखणार आहे. ज्याला कारण माहीत नाही तो माणूस हे वर्षानुवर्षे का करेल? शिवाय आई डाळ वाढत नाही आणि मुले दाराआड बोलतात, हे त्यांना दिसतच असेल. माझा अनुभव असा की लपवलेला आकडा माणसाच्या मनात नेहमी खऱ्यापेक्षा मोठा होतो. तुम्ही दोघे भावंडे आणि आई एकत्र बसा, आणि त्यांच्याच भाषेत बोला. घाटात गाडी उतरताना ब्रेकच्या हवेचा काटा खाली येताना दिसला, तर ते काय करत होते ते त्यांना विचारा. गाडी बाजूला घेऊन आधी तपासत होते, की पायथ्यापर्यंत बघू म्हणत होते? मग सांगा : ‘अण्णा, काटा शंभरपैकी चाळीसवर आहे. तात्यांचा पाचवर आला तेव्हा आपण दवाखान्यात गेलो. आपण चाळीसवर असतानाच दाखवू.’ चुलत्यांना तुम्ही जे म्हणत असाल ते नाव घाला, पण त्यांचा विषय टाळू नका; अण्णांच्या मनात तोच आहे. आणि एक वचन द्या की पहिल्या भेटीत फक्त दाखवायचे, तिथे कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. हे वचन तुम्ही नक्की पाळू शकाल, कारण पहिल्या भेटीत तसा निर्णय घेण्याची वेळ त्यांच्यावर आज आलेली नाही.

याच महिन्यातली वेळ घ्या. सकाळची लघवी तिथेच तपासायला द्यावी लागेल, हे अण्णांना आधी सांगा. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे रक्त तपासले त्या सगळ्या ठिकाणचे कागद तारखेप्रमाणे लावा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजलेला रक्तदाब एका पानावर लिहून न्या, आणि घरात असलेली सर्व औषधे एका पिशवीत भरा. पाठीच्या गोळीची रिकामी स्ट्रिपही त्यात टाका. डॉक्टर बहुधा तीच आधी हातात घेतील.